कडक इस्त्रीची साक्ष

या, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही थोडं पुढं सरकावं, कारण ही काही आवाज चढवून सांगायची गोष्ट नव्हे. पुढल्या काही वर्षांत घडायची आहे, पण सांगताना घडून गेल्यासारखीच सांगावी लागेल, त्याला इलाज नाही. एका हवालदारीणबाईची गोष्ट आहे, तिच्या अंगावरच्या खाकी कापडाची आहे, आणि ऐकून झाल्यावर छाती थोडी रुंद होईल एवढं आधीच कबूल करतो. टाळ जरा मांडीवर ठेवा नि ऐका.

वडसावंगी नावाचं तालुक्याचं गाव. तिथल्या पोलीस ठाण्यात वैजयंता दळवे हवालदार होती. वय सेहेचाळीस, नोकरीला बावीस वर्षं झालेली. उंची बेताची, पण ती चालायला लागली की ठाण्याच्या पायऱ्यांना कळायचं कोण आलं ते. तिचा गणवेश जिल्ह्यात नावाजलेला होता. परेडच्या दिवशी बाकीचे शिपाई तिच्या बाहीवरची घडी बघून आपली बाही चाचपायचे. त्या घडीचा धनी म्हणजे तिचा नवरा सोपान. ठाण्यासमोर रस्ता ओलांडला की त्याचं इस्त्रीचं दुकान. ठाण्यातल्या एकूण एक माणसाचा गणवेश त्याच्या टेबलावरून जायचा. सोपान साबुदाणा शिजवून त्याची पातळ कांजी करायचा, फडक्यातून गाळायचा, तिच्यात कपडे बुडवून सावलीत वाळवायचा आणि मग इस्त्री अशी फिरवायचा की शर्ट टेबलावर उभा केला तर उभा राहील. त्याचं म्हणणं, पोलिसाच्या अंगावर चुरगळलेलं कापड दिसलं की चोराला निम्मा धीर येतो.

आता त्या कापडाचं सांगतो, कारण ते साधं कापड नव्हतं.

गॅस पेटवायचा लायटर आपण रोज हातात घेतो. कळ दाबली की ठिणगी पडते, तिला ना बॅटरी लागते ना वायर. आत एक खडा असतो, त्याच्यावर झटका बसला की त्यातून क्षणभर वीज निघते. निसर्गात असे बरेच पदार्थ आहेत. एका वस्त्र-प्रयोगशाळेत डॉ. फरीदा मुल्ला नावाच्या बाईंनी त्याच गुणाचा प्लास्टिकचा धागा काढला, केसाहून बारीक, आणि तो खाकी कापडात आडवा-उभा विणला. असं कापड अंगात घालून कुणाला ढकललं, तर धागे सावकाश ताणले जातात आणि वीज हळूहळू वाढून हळूहळू उतरते. थप्पड मारली, तर मनगटापासून कोपरापर्यंत कापड हिसका खातं आणि वीज टोकदार उसळते. धरून ठेवणं, ओढणं, काठी चालवणं, प्रत्येकाची विजेची चाल निराळी, जसा प्रत्येक तालाचा ठेका निराळा. गळ्याजवळच्या गुंडीत त्या सगळ्याची नोंद व्हायची. ड्युटी संपली की शर्ट ठाण्यातल्या एका खुंटीला टांगायचा, खुंटी ती नोंद वाचायची. ना फोटो, ना आवाज. या अंगानं कुणावर किती जोर लावला, एवढंच ते कापड सांगायचं.

त्यापूर्वी पोलिसाविरुद्ध तक्रार करायची म्हणजे काय होतं, ते जुन्या लोकांना विचारा. ज्यानं मारलं त्याच्याच ठाण्यात जाऊन अर्ज द्यायचा. अर्ज वर जायचा, वरून चौकशीसाठी खाली यायचा, आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज त्याच्यासोबत रोज डबा खाणाराच चौकशी करायचा. तक्रारदार चपला झिजवून गप्प बसायचा. आणि उलटंही होतं. निर्दोष शिपायावर खोटा अर्ज पडला, तर तोही बिचारा पाच-पाच वर्षं चौकशीखाली कुजायचा. कापड आलं आणि हे सगळं पालटलं. पोलिसांबाहेरच्या तीन माणसांचं तक्रार मंडळ झालं. तक्रार ठाण्यातल्या मशीनवर नोंदवायची, मंडळ त्या तासाची खुंटीवरची नोंद मागवायचं, ना साक्षीदार लागायचा ना डॉक्टरचा कागद, निकाल नऊ मिनिटांत. पोलिसांनी कापड राजीखुशीनं अंगावर घ्यावं म्हणून त्यांची एक अट सरकारनं मान्य केली होती. कापडानं तक्रार खोटी ठरवली, तर तक्रारदाराच्या नावापुढं ‘खोटा तक्रारदार’ असा शेरा बसायचा आणि तीन वर्षं त्याची पोलिसाविरुद्धची तक्रार कुणी घ्यायचं नाही.

आणि खरं सांगायचं तर भलं झालं. कोठडीतली मारहाण पहिल्याच वर्षात अर्ध्यावर आली. कापड सगळं लिहून ठेवतं म्हटल्यावर उचललेले हात खाली यायला लागले. वडसावंगी ठाण्यात तर तीन वर्षांत एकही तक्रार सिद्ध झाली नाही. ठाण्याचं नाव गौरवासाठी वर गेलं होतं. तक्रारीचं टेबल वैजयंताकडंच होतं. तिचं सहायक फौजदार म्हणून नाव लागायचं होतं, आणि खांद्यावर चढायच्या चांदणीसाठी सोपाननं बाजारातून सुती दोरा आत्ताच आणून ठेवला होता.

इथपर्यंत पूर्वरंग झाला. आता मूळ गोष्ट.

चैत्रातला सप्ताह संपत आला होता. शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाआधी गावातून दिंडी निघाली. चौकात वैजयंताचा बंदोबस्त होता. दिंडीच्या मधोमध श्रीरंगबुवा कानडे मृदंग वाजवत होते. बुवा लाकडाच्या वखारीत कामाला, वय साठीच्या घरातलं, आणि मृदंगावर हात असा की परगावचे कीर्तनकार तारीख देण्यापूर्वी विचारायचे, साथीला श्रीरंगबुवा आहेत ना? बुवा वाजवायला लागले की डोळे मिटायचे आणि मग त्यांच्यापुरतं गाव नसायचं.

नेमकी त्याच वेळी मागून रुग्णवाहिका आली. आत एक बाळंतीण अडलेली. लोक बाजूला झाले, बुवा मात्र रस्त्याच्या मधोमध डोळे मिटून उभे. वैजयंतानं तीनदा हाक मारली. दंडाला धरून हलवलं. बुवा हलले नाहीत. सकाळपासून उन्हात उभं राहून तिचं डोकं तापलं होतं, भोंगा कानात घुसत होता, आणि तिचा हात उठला. बुवांच्या डाव्या कानशिलावर बसला. बुवा मृदंगासकट खाली बसले. रुग्णवाहिका निघून गेली. बाई सुटली, मुलगी झाली, आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी वैजयंताचं कौतुकच केलं.

बुवांच्या डाव्या कानात मात्र त्या दिवसापासून आवाज शिरेना. डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटलाय. बुवांनी तक्रार नोंदवली. नऊ मिनिटांत निकाल आला. खुंटी म्हणत होती, हलका धक्का, मार्ग मोकळा करण्याइतका, अनाठायी नाही. श्रीरंग कानडे, खोटा तक्रारदार.

वैजयंतानं निकाल वाचला आणि आधी तिला हायसं वाटलं. मग नवल वाटलं. त्या दिवशी तळहात संध्याकाळपर्यंत चुरचुरत होता, हे तिला चांगलं आठवत होतं. पण कापड खोटं कशाला बोलेल? त्याला ना राग ना भीती. दोन-चार दिवस गेले आणि तिचं मन त्या निकालाच्या बाजूला झुकायला लागलं. धक्काच दिला असेल आपण. गडबडीत थप्पड वाटली असेल. आठवड्याभरात तिला तो प्रसंग आठवायचा तोसुद्धा धक्क्यासारखाच. आपलं मन कापडाच्या हवाली केलं की मनाला कसली सुट्टी मिळते, ते तिला तेव्हा कळलं नाही.

दोन महिन्यांनी बुवा स्वतः ठाण्यात आले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात काही नाही. तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले आणि उजवा कान पुढं करून बसले, कारण आता तसंच बसावं लागायचं. त्यांनी सांगितलं की दुसरा अर्ज द्यायला गेलो तर मशीन घेत नाही. तिनं नियम समजावून सांगितला. बुवांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, तुम्हाला शिक्षा व्हावी म्हणून नाही आलो मी,” बुवा म्हणाले. “कानाचं मी देवाशी बघून घेईन. त्याचंच वाजवत होतो, त्यानंच ठरवावं. पण मी खोटं बोललो असं सरकारच्या कागदावर आहे. गेल्या एकादशीला कीर्तनात एक जण सगळ्यांदेखत म्हणाला, खोटारड्याच्या हाताखाली मी टाळ धरणार नाही. महाराजांनी त्याला गप्प केलं, पण मीच मृदंग खाली ठेवला. तेव्हापासून घेतला नाही.”

वैजयंतानं चहा मागवला. बुवांनी तो घेतला, कप बशीत ठेवला, आणि उठताना फक्त एवढं विचारलं, “तुम्हाला काय आठवतं?”

ती म्हणाली, कापडात धक्का आहे. बुवा म्हणाले, कापडाचं नाही विचारलं मी. आणि गेले.

त्यानंतर आषाढातली एकादशी आली. दळव्यांच्या घरी उपास कडक. आदल्या दिवशी सोपानकडं बहीण, मेहुणे आणि त्यांची लेकरं उतरली, आणि सकाळी बघतात तर घरातला सगळा साबुदाणा खिचडीला लागलेला. दुकानात कांजीला मूठभरही उरला नाही. सोपान इतका खजील झाला की जणू देवाचा नैवेद्य चुकला. बायकोला बिनकांजीचा शर्ट देताना म्हणाला, आजच्या दिवस कुणासमोर फार उभी राहू नकोस.

ठाण्याच्या जीपचं डावं दार गेली तीन वर्षं तळहाताची सणसणीत चापट मारल्याशिवाय लागत नव्हतं. वैजयंता रोज चार-सहा वेळा ती मारायची. त्या दिवशीही मारली. संध्याकाळी शर्ट खुंटीला टांगला आणि खुंटीवर लाल दिवा लागला. तीव्र प्रहार, पाच वेळा. कारण नमूद करा.

ठाण्यात हशा पिकला. निरीक्षक बनसोडसाहेब स्वतः बाहेर येऊन म्हणाले, “दळवेबाई, जीपनं तक्रार दिली तर घ्यावी लागेल हां. टेबल तुमच्याकडंच आहे.” सगळे हसले. वैजयंतापण हसली. मग तिचं हसू जिथल्या तिथं थांबलं. रोज मारतो ती चापट, तेच दार, तोच हात. मग तीन वर्षांत खुंटी आजच का ओरडली?

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी तिनं सोपानला घरी बोलावलं आणि दोन शर्ट काढायला सांगितले, एक कांजीचा, एक बिनकांजीचा. गव्हाचं पोतं ओट्यावर ठेवलं. आधी एक शर्ट घालून पोत्याला थप्पड मारली, मग दुसरा घालून. मोजून वीस-वीस. ठाण्यात नेऊन खुंटीवर वाचलं आणि घरी आली. कांजीच्या बाहीत वीस हलके धक्के होते. साध्या बाहीत वीस थपडा.

कारण साधं होतं. कांजी वाळली की धाग्याला धागा चिकटतो आणि कापड पत्र्यासारखं होतं. मग हिसका एका धाग्यावर बसत नाही, शंभर धाग्यांत वाटला जातो, आणि उसळणाऱ्या विजेची टोकं झिजून ती सावकाश ढकलल्यासारखी दिसते. कापड खोटं बोलत नव्हतं. त्याला कमी ऐकू येत होतं.

सोपान ओट्याशेजारी पाटावर बसला. तो आपल्या बोटांकडं बघत होता.

“म्हणजे माझ्या हातानं,” तो म्हणाला.

“तुमच्या हातानं कसलं. थप्पड माझ्या हातानं बसली.”

कापड पहिल्यांदा आलं तेव्हा गळ्यापाशी एक चिठ्ठी शिवलेली होती, ती त्याला आठवली. साध्या पाण्यात धुवा, इस्त्रीची गरज नाही. सगळं ठाणं त्या चिठ्ठीला हसलं होतं. इस्त्रीची गरज नाही म्हणे. पोलीस काय भाजी आणायला निघालेत? त्यानंच ती चिठ्ठी कात्रीनं कापली होती, टोचते म्हणून. आणि एका वडसावंगीचं काय घेऊन बसलात, राज्यातल्या प्रत्येक ठाण्याबाहेर कुणी ना कुणी सोपान होताच.

मग त्यानं एक मार्ग सुचवला, आणि तो वाईट मनानं सुचवला नाही. उद्यापासून कांजी बंद करू. कपडे साधे द्यायचे, कुणी विचारलं तर साबुदाणा महागला म्हणायचं. कापड आपोआप नीट ऐकायला लागेल. पुढं कुणावर अन्याय होणार नाही. तुझी चांदणी राहील, ठाण्याचं नाव राहील. देवाला कळलं की झालं.

वैजयंतालाही तो मार्ग मनापासून आवडला, हे इथं लपवून चालणार नाही. ती उठून दारापर्यंत गेली, परत आली. म्हणाली, “पुढचं नीट होईल. बुवांचं काय? त्यांच्यासारखे एकतीस जण आहेत माझ्या रजिस्टरात. त्यातले खरे कोण हे मला माहीत नाही. एक मला माहीत आहे.”

उरलेली दुपार सोपाननं दुकान उघडलं नाही.

सकाळी ती बनसोडसाहेबांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट चार वेळा फिरवला. म्हणाले, कांजीचं आपण वर कळवू, तांत्रिक दोष म्हणून. त्यात तुमच्या थपडेचा उल्लेख कशाला? गौरवाची यादी पुढच्या महिन्यात लागतेय. या ठाण्यानं तीन वर्षं मान ताठ ठेवलीय. मग एकदम थांबले आणि हलक्या आवाजात विचारलं, “मारलं होतं का हो तुम्ही?”

“हो साहेब.”

साहेब म्हणाले, “मग मला विचारायला कशाला आलात? टेबल तुमचंच आहे.”

ती टेबलाशी जाऊन बसली आणि स्वतःविरुद्धच तक्रार भरायला लागली. मशीन काही घेईना. तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो अधिकारी एकच असल्यानं नोंद होऊ शकत नाही. बुवांच्या नावानं भरावी, तर त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी. ज्या कुणी तो नियम केला, त्याला असं वेड कुणी घेईल हे सुचलंच नव्हतं. शेजारचा शिपाई म्हणाला, बाई, मशीनपण म्हणतंय राहू द्या.

समोरच्या दुकानातून सोपान हे बघत होता. काय चाललंय ते त्याला तिच्या पाठीवरूनच कळलं. त्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं, हात पुसले, रस्ता ओलांडला आणि तक्रारदाराच्या खुर्चीत येऊन बसला. त्या खुर्चीत तो आजवर कधी बसला नव्हता.

“माझं नाव घाल.”

“अहो, दुकान जाईल. सगळं ठाणं तुमच्या मागं लागेल.”

“ठाणं माझं गिऱ्हाईक आहे, मालक नाही. लिही. सोपान बाबुराव दळवे, धंदा इस्त्री. तक्रार, हवालदार वैजयंता सोपान दळवे हिनं श्रीरंगबुवांना थप्पड मारली. साक्षीदार ती स्वतः.” मग म्हणाला, “आणि खाली लिही, कापड बहिरं झालं ते माझ्यामुळं.”

बावीस वर्षांत तिनं हजारो तक्रारी लिहिल्या होत्या. ही लिहिताना अक्षर पहिल्यांदा वाकडं आलं.

जिल्ह्याच्या गावी मंडळापुढं सुनावणी झाली. अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश शैलजा पुंडे होत्या. डॉ. फरीदा मुल्ला खास आल्या होत्या. सोपाननं तिथंच शेगडीवर कांजी शिजवली, फडक्यातून गाळली, शर्ट बुडवला, इस्त्रीनं वाळवला. मंडळाच्या माणसानं तो आणि एक बिनकांजीचा असे दोन शर्ट आळीपाळीनं घालून वाळूच्या पिशवीला थपडा मारल्या, आणि पडद्यावर दोन रेघा उमटल्या, एक सुईसारखी, एक उशीसारखी. डॉक्टरबाई जवळ जाऊन बघत राहिल्या. त्यांनी सांगितलं की आम्ही हे कापड दोनशे वेळा धुतलं, उन्हात तापवलं, घामात भिजवलं, चिखलात लोळवलं. कारखान्यात विचारलं, पोलीस मुख्यालयात विचारलं, वकिलांना विचारलं.

“सगळ्यांना विचारलंत मॅडम,” सोपान म्हणाला, “धुणाऱ्याला तेवढं राहिलं.”

डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी वही काढली आणि साबुदाणा किती, पाणी किती, ते त्याच्याकडून लिहून घेतलं.

मग पुंडेबाईंनी वैजयंताला विचारलं की कांजी गुपचूप बंद केली असती तर तुमचं काहीच गेलं नसतं, मग हे का केलं. बुवा पहिल्या रांगेत उजवा कान पुढं करून बसले होते.

“कापडाला ऐकू आलं नाही, पण माझ्या हाताला लागलं होतं,” वैजयंता म्हणाली. “बुवांनी मला विचारलं, तुम्हाला काय आठवतं, तर मी कापडाचं आठवलेलं सांगितलं. गणवेशाचा मला अभिमान आहे, बाईसाहेब. म्हणूनच त्याच्या आड उभं राहवेना.”

शिक्षा झाली, व्हायलाच हवी होती. दोन वर्षं बढती थांबली आणि तक्रारीचं टेबल गेलं. बुवांच्या नावापुढचा शेरा त्याच दिवशी पुसला. राज्यातल्या सगळ्या ठाण्यांतल्या जुन्या तक्रारी पुन्हा उघडायचा आदेश निघाला आणि नियमात नवं कलम आलं. नुसत्या कापडाच्या साक्षीवर कुठलीही तक्रार निकाली काढायची नाही. आधी माणसाला समोर बसवून ऐकायचं, कापड त्यानंतर. निकालाला आता नऊ मिनिटांऐवजी नऊ दिवस लागायला लागले, आणि लोकांची हरकत नव्हती.

ती ठाण्यात परतली त्या सकाळी हजेरीची रांग उभी होती. आपल्याला कोण काय बोलेल याची तयारी करूनच ती आली होती. साहेबांनी हजेरी घेतली, आणि रांगेतून इरफान पठाण नावाचा शिपाई एक पाऊल पुढं आला. म्हणाला, साहेब, त्या एकतिसातली एक माझी आहे. मी मारलं होतं. मग दुसरा आला. मग रांगेच्या टोकाची ती नवी मुलगी, भरती होऊन जेमतेम वर्ष झालेली. एकूण सहा जण. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. बनसोडसाहेबांनी काय केलं असेल, तर सहाही जणांना कडक सलाम ठोकला. त्या वर्षी गौरवाच्या यादीत वडसावंगीचं नाव नव्हतं. तरी जिल्ह्यातला कुठलाही पोलीस आपण वडसावंगीत नोकरी केली असं सांगताना आजही सरळ उभा राहून सांगतो.

बुवांनी पुन्हा मृदंग घेतला. कान काही परत आला नाही. डाव्या अंगाच्या टाळकऱ्यांचा आवाज त्यांना पोचत नव्हता, ठेका मागंपुढं व्हायचा. वैजयंता त्यांची माफी मागायला देवळात गेली तेव्हा तिनं पाय धरले, सगळ्यांदेखत. बुवांनी तिला उठवलं आणि म्हणाले, पाया पडून माझं काय भागणार? ताल धरता येतो का? तर इकडं डावीकडं उभ्या राहा, हात मला दिसेल असा हलवा. तेव्हापासून दर एकादशीला, ड्युटी नसली की, ती साध्या लुगड्यात बुवांच्या डाव्या हाताला उभी राहते आणि टाळी देते. पहिल्यांदा चुकली तेव्हा बुवा वाजवता वाजवता म्हणाले, हवालदार, लक्ष कुठंय? सगळा सभामंडप हसला, आणि जो माणूस बुवांच्या हाताखाली टाळ धरणार नाही म्हणाला होता, तोही टाळ घेऊन त्याच ओळीत उभा होता.

आता एक शेवटचं. त्या एकतीस तक्रारी नीट ऐकल्या गेल्या. सात खरोखरच खोट्या निघाल्या. दहांचं काही कळू शकलं नाही, काळ फार लोटला होता. चौदा खऱ्या निघाल्या. त्या चौदा घरी मंडळाची पत्रं पोस्टानं न पाठवता वैजयंतानं स्वतः नेऊन दिली. काहींनी तिला पाणी दिलं, काहींनी दारातूनच पत्र घेतलं, एकानं तोंडावर दार लावलं, आणि तिनं ते बरोबरच मानलं.

चौदावं घर चंद्रभागाबाई उबाळ्यांचं. शाळेत पोरांना खिचडी शिजवून घालणारी बाई. शाळेच्या फाटकाशी गर्दी हटवताना एका शिपायानं हिसडून ढकललं, मनगट मोडलं, तिनं तक्रार केली आणि कापडानं तिला खोटी ठरवलं. खोट्या बाईच्या हातचं पोरांना नको म्हणून शाळेनं तिला काढलं. पत्र घेऊन वैजयंता पोचली तेव्हा चंद्रभागाबाईला जाऊन आठ महिने झाले होते. सुनेनं पत्र हातात घेतलं, भिंतीवरच्या फोटोखाली उभी राहिली आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं. तक्रारदार चंद्रभागा उबाळे यांनी सांगितलेली हकीकत सत्य आहे. ते वाक्य तिनं दोनदा वाचलं. वैजयंता तोवर दारात सावधान उभी होती.

वैजयंताला लोक विसरणार नाहीत, सोपानलाही नाही. बुवांचा मृदंग तर वाजतोच आहे. पण आपण कीर्तन संपवून उठताना ज्यांची ज्यांची नावं घेतो, त्यांत आज एक नाव माझ्यासाठी घ्या. चंद्रभागा उबाळे. ती खरं बोलली होती.